मोटारीचे काळीज

मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दुर्ग ओलांडल्यानंतर, भिलाईच्या परिसरात पावर हाउस नावाचे एक स्थानक लागते. लोहमार्गाच्या सोबतीने नागपूर-रायपूर हा जुना ग्रेट ईस्टर्न रोड धावतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत सरकारशी पोलादाच्या कारखान्याचा करार झाला, त्या वेळी हा मुलूख ज्या राज्यात मोडत असे त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि भिलाईच्या नावाला देशभर वजन आले.

या लोहमार्गावर प्रथम वाफेची इंजिने धावली, पुढे डिझेलची आली आणि अखेरीस विजेची आली. परंतु इंजिन बदलले म्हणून आपली गाडी बदलली, असे कोणा प्रवाशाने कधी म्हटले नाही. वेळापत्रकातील नाव कायम आहे, डबे कायम आहेत, तोवर गाडी तीच. शेजारच्या रस्त्यावरील मोटारीची गोष्ट मात्र निराळी. तिचे इंजिन तिच्या पोटात असते आणि त्याचा क्रमांक सांगाड्याच्या क्रमांकासोबत सरकारी दप्तरात नोंदलेला असतो. जुन्या मोटारीत नवे इंजिन बसविले, की ती मोटार तीच राहिली काय, हा प्रश्न उभा राहतो. वरवर तो तत्त्वचिंतकाचा वाटतो; पण गेल्या अर्धशतकात आपल्याकडे तो संसाराच्या जमाखर्चात, मिस्त्रीच्या अंगणात आणि न्यायालयाच्या दालनातही विचारला गेला आहे.

अमेरिकेत हा उद्योग वेगाच्या हौसेतून वाढला. १९३२ साली फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरांचे इंजिन सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले आणि तेथील तरुणांनी जुन्या, हलक्या सांगाड्यांत जोरकस इंजिने बसवून शर्यती लावल्या. आपल्या देशात या कलेचा जन्म काटकसरीच्या पोटी झाला. परवान्यांच्या काळात नवी मोटार मिळणे दुर्घट होते. नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा स्थितीत घरची मोटार मोडीत काढणे कोणाला परवडणार? सांगाडा धड असेल तर त्याला दुसरे काळीज द्यावे, हा विचार आपोआपच रुजला.

हा धडा प्रथम कारखानदारांनीच घालून दिला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर ही मूळची इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड. ती आली तेव्हा तिच्यात बाजूच्या झडपांचे जुन्या धर्तीचे इंजिन होते. १९५९ च्या सुमारास त्याच्या जागी वरच्या झडपांचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आले. त्याच कंपनीने १९८४ च्या सुमारास काँटेसा ही ऐसपैस मोटार काढली. तिचे अंग इंग्लंडातील व्हॉक्सहॉलचे. परंतु आत बसविले ते अँबॅसडरचेच दुबळे इंजिन. देह पहिलवानाचा आणि श्वास दमेकऱ्याचा, अशी तिची अवस्था झाली. पुढे इसुझू या जपानी कंपनीचे १८०० घनसेंटिमीटरचे इंजिन तिच्यात घातले तेव्हा कोठे तिला आपल्या रूपाला साजेसे बळ लाभले. १९९० नंतरच्या काही वर्षांत तेच इंजिन अँबॅसडरच्याही वाट्याला आले.

सोलापूरच्या मातीतून आलेल्या वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीनेही १९८५ साली हाच मार्ग धरला. तिच्या ११८ एनई या मोटारीचे अंग इटलीच्या फियाटचे आणि इंजिन जपानच्या निसानचे होते. हा संसार बरा चालला. त्याच वर्षी मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने नेमका उलटा प्रयोग केला. इंग्लंडातील रोव्हरच्या आधुनिक देहात तिने जुन्या व्हॅनगार्डच्या घराण्यातील इंजिन बसविले. तो प्रयोग फसला आणि थोड्याच वर्षांत ती मोटार बंद पडली. जुन्या देहात नवे इंजिन निभावते; नव्या देहात जुने इंजिन निभावत नाही, एवढा बोध त्या दोन कहाण्यांतून घेता येतो.

कारखान्याबाहेरच्या अंगणात मात्र या विद्येला खरा बहर आला तो १९७३ नंतर. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव चौपटीच्या घरात गेला. शेती, मालवाहतूक आणि एसटीसारखी सार्वजनिक वाहने यांच्याकरिता सरकारने डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त ठेवले. साहजिकच, पेट्रोलवर चालणाऱ्या जीपच्या आणि अँबॅसडरच्या मालकाची नजर डिझेल इंजिनाकडे वळली. महिंद्रांनी मुंबईत जुळणी केलेल्या विलीज जीपचे २१९९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन मोठे कणखर, पण तेवढेच खादाड. कंपनीने स्वतःच पुढे फ्रान्सच्या प्यूजो घराण्यातील २११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन आपल्या जीपमध्ये आणले आणि गावोगावच्या मिस्त्रींना जणू नमुनाच मिळाला.

हे काम दिसते तितके सोपे नाही. चेनपुलीने जुने इंजिन उचलून बाहेर काढणे हा त्यातला सर्वांत सुलभ भाग. खरी परीक्षा पुढे असते. नव्या इंजिनाची पाठ आणि जुन्या गिअरपेटीचे तोंड यांची भोके जुळत नाहीत. म्हणून मध्ये जाड पोलादी पट्टी लेथवर घडवून घ्यावी लागते. तिचा मध्यबिंदू केसभर हलला, तरी क्लच धडधडतो आणि बेअरिंग झिजते. पेट्रोल इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण आठ-नऊ पटींपर्यंत दाबून ठिणगीने पेटविले जाते. डिझेलमध्ये हवा वीस पटींच्या आसपास दाबली जाते आणि त्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. एवढा दाब सोसण्यासाठी इंजिनाचे अंग जाड, म्हणून जड असते. परिणामी जीपचे पुढचे पाटे दबतात आणि बैठकीखालचे रबर लवकर फाटते. शिवाय डिझेल इंजिन सावकाश फिरते. मागच्या धुऱ्यातील दातांचे प्रमाण जुनेच ठेवले तर गाडी ओढीला दांडगी, पण धावेला मंद होते. ब्रेकचा विचार सर्वांच्या शेवटी होई आणि पुष्कळदा होतच नसे. या विद्येतील सर्वांत मोठा दोष तो हाच.

कायद्याला जी काळजी वाटते तिचे मूळ येथे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम २००० साली सुधारण्यात आले. निर्मात्याने ठरविलेल्या आणि नोंदणीपत्रात उतरलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने करू नये, असे ते सांगते. मात्र नैसर्गिक वायू, वीज यांसारख्या निराळ्या इंधनाकरिता विहित अटी पाळून केलेल्या बदलाला त्यात वाट ठेवली आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात या मनाईला स्पष्ट दुजोरा दिला. ठेवलेल्या त्या वाटेचा मोठा उपयोग मुंबईने केला. धुराने कोंडलेल्या शहरातील रहिवाशांच्या अर्जावर उच्च न्यायालयाने लक्ष घातले आणि या शतकाच्या आरंभी तेथील काळ्या-पिवळ्या टॅक्सींचा ताफा हळूहळू वायूवर गेला. ज्या पद्मिनीने पेट्रोलवर संसार मांडला, तिनेच वायूवर म्हातारपण काढले. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली तेव्हा तिला निरोप देताना, तिच्या पोटात कोणते इंधन जळत होते, याची कोणी विचारपूस केली नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पुरातन वाहनांसाठी नियम केले. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले आणि सांगाडा, अंग वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहनच त्या मानाला पात्र ठरते. नियमामागील हेतू योग्य आहे. मूळ वस्तू मूळ रूपात राखणे हे इतिहासाचे पहिले कर्तव्य होय. परंतु त्यातून एक कठोर निष्कर्ष निघतो. ज्या गरीब मालकाने पोटाला चिमटा घेऊन, दुसरे इंजिन घालून आपली जीप पन्नास वर्षे चालती ठेवली, तिला हा मान नाही; आणि जी मोटार एखाद्या श्रीमंताच्या पागेत झाकून राहिली, तिला तो आहे. पहिली मोटार इंजिन बदलले नसते तर केव्हाच भंगारात गेली असती, हे तिचे समर्थन नियमाच्या चौकटीत बसत नाही.

तरीही इतिहासाच्या चौकटीत ते बसविले पाहिजे. अंगावर विलीजची खूण, पोटात फ्रेंच घराण्याचे इंजिन आणि दोहोंमध्ये एखाद्या अनाम मिस्त्रीने लेथवर घडविलेली पट्टी, अशी जीप म्हणजे टंचाईच्या काळातील भारतीय कारागिरीचा चालता दस्तऐवजच होय. जुन्या मोटारीत आज नवे इंजिन किंवा विजेची मोटर बसवू पाहणाऱ्याने म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. आधी परिवहन कार्यालयाची अनुमती घ्यावी. नव्या बळाला पुरून उरतील असे ब्रेक घालावेत. आणि काढलेले इंजिन भंगारवाल्याच्या काट्यावर न चढविता, तेल लावून, क्रमांकासह जपून ठेवावे. उद्याच्या पिढीला ते परत बसवावेसे वाटले, तर तिचा मार्ग मोकळा राहील. न वाटले, तरी तिला निदान एवढे कळेल की ही मोटार दोन काळजांवर जगली आणि त्यांतले पहिले कोणी फेकून दिले नव्हते.