आहत नाण्यांची घडण आणि कर्तन-प्रतिबलाचा हिशेब : नाणेघाटाच्या संदर्भात

प्रस्तावना

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस, घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तळेघर हे गाव आहे. याच सह्याद्रीच्या रांगेत उत्तरेकडे, जुन्नर तालुक्यात, कोकणात उतरणारा नाणेघाट आहे. तेथील लेण्यातील सातवाहनकालीन प्राकृत लेख राणी नागनिकेचा मानला जातो. त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या दानांची यादी असून गाई, हत्ती, घोडे व गावे यांबरोबर कार्षापणांच्या रकमाही आहेत. २४,४०० आणि ६,००१ हे त्यांतील दोन आकडे. या लेखाचा विचार आजवर लिपी, अंकचिन्हे, वंशावळ आणि यज्ञसंस्था या अंगांनी पुष्कळ झाला. ती कार्षापणे कोणत्या हाताने व कोणत्या हत्याराने घडत असतील, हा प्रश्न मात्र मागे राहिला. त्याचे उत्तर काही अंशी धातूच्या पातळ पत्र्याला छेद देण्यास किती बल लागते, या साध्या गणितात आहे.

आहत नाण्यांचे स्वरूप

चांदीच्या कार्षापणाचे प्रमाण वजन ३२ रत्ती, म्हणजे सुमारे ३.४ ग्रॅम. मगधाच्या साम्राज्यकालीन नाण्यांवर एका बाजूस पाच ठसे असतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लक्षणाध्यक्ष या अधिकाऱ्याने रौप्य नाण्यात चतुर्थांश तांबे मिसळावे, असे सांगितले आहे. नाणी बहुधा चौकोनी, कडा ओबडधोबड, एखादा कोपरा तिरपा कापलेला. या रूपामुळे जुन्या लेखनात त्यांना ‘प्राथमिक अवस्थेतील’ म्हणण्याची रीत पडली. ती रीत तपासून पाहण्याजोगी आहे.

हिशेब

पत्र्यातून एखादा आकार आरपार कापून काढताना लागणारे बल तीन गोष्टींच्या गुणाकाराएवढे असते : छेदाची परिमिती, पत्र्याची जाडी आणि धातूचे कर्तन-सामर्थ्य. छेद घेतला जातो तो आकाराच्या क्षेत्रफळावर नव्हे, तर कडेच्या भिंतीवर. म्हणून परिमिती महत्त्वाची.

कार्षापणाची कोरी चकती १५ मि.मी. बाजूची व १.५ मि.मी. जाडीची धरली, तर तिचे वजन ३.४ ग्रॅमच्या आसपास येते. परिमिती ६० मि.मी. व छेदाचे क्षेत्र ९० चौ. मि.मी. होते. तापवून मऊ केलेल्या तांबेमिश्रित चांदीचे कर्तन-सामर्थ्य हिशेबापुरते दर चौ. मि.मी.ला २०० न्यूटन धरल्यास बल १८,००० न्यूटन, म्हणजे सुमारे १.८ टन भरते. एकच बाजू कापायची तर ४,५०० न्यूटन पुरतात, ४ मि.मी. लांबीचा कोपरा छाटण्यास केवळ १,२००. छिन्नी पाचरीसारखी शिरते, तेथे शुद्ध कर्तन नसते, त्यामुळे शेवटचे दोन आकडे स्थूल समजावेत.

एवढ्यावरून ‘प्राचीन कारागिराला १.८ टन बल शक्य नव्हते’ असे म्हणणे घाईचे ठरेल. एक किलोचा हातोडा सेकंदाला ५ मीटर वेगाने आदळला, तर १२.५ ज्यूल ऊर्जा देतो. पूर्ण बल जाडीच्या निम्म्या अंतरापर्यंत टिकते असे धरले, तर चकती कापण्यास लागणारी ऊर्जा १३.५ ज्यूल येते. एकदोन घावांत काम होण्यासारखे होते. अडचण बलाची नव्हती. पंचाखाली त्याच आकाराचे भोक असलेली डाय नसेल, तर कर्तन-प्रतिबल कडेभोवती एकवटून आरपार छेद होत नाही. भरीव ऐरणीवर धातू फक्त दबतो आणि बाजूला सरकतो. पंच व डाय यांतील फट पत्र्याच्या जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के, येथे ०.१ मि.मी.च्या आसपास, आणि तीही चहूबाजूंनी सारखी ठेवावी लागते. हाताने घासलेल्या जोडीत ते साधणे कठीण.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. पंचाने क्षेत्रफळ ठरते, वजन ठरत नाही. ठोकून केलेल्या पत्र्याची जाडी १.५ ऐवजी १.६ मि.मी. झाली, की त्याच आकाराच्या चकतीत ०.२३ ग्रॅम, म्हणजे दोन रत्तींहून थोडी अधिक चांदी जाते. ज्या व्यवहारात नाणे तोलून घेतले जात असे, तेथे ही तफावत चालणारी नव्हती. उलट, पट्टी छिन्नीने तोडून तुकडा तराजूत घालायचा आणि जास्त भरला तर कोपरा छाटायचा, या पद्धतीत पत्रा असमान असूनही वजन बरोबर येते. शिवाय जाळीदार उरलेला पत्रा पुन्हा वितळवावा लागत नाही. तिरपा कोपरा ही अशा नाण्यात तोलाची खूण ठरते. (गोल आहत नाणीही सापडतात, त्यांतील काही चांदीचे गोळे चपटे करून बनवली असावीत, असे अभ्यासक मानतात.)

वजनाच्या या बाजूकडे लक्ष वेधण्याचे श्रेय दामोदर धर्मानंद कोसंबी यांना द्यावे लागते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, १९४०च्या सुमारास, त्यांनी तक्षशिलेच्या साठ्यांतील आहत नाण्यांच्या वजनांना संख्याशास्त्र लावले आणि चलनात फिरताना नाणे किती झिजते याचा मागोवा घेतला. मुळात वजने काळजीपूर्वक जुळवली असल्याशिवाय अशा झिजेला अर्थ राहत नाही.

ठशांचे गणित वेगळे आहे. तेथे आरपार छेद नको असतो, म्हणून खाली भरीव ऐरण हवी. नाणेघाटातील २४,४०० कार्षापणे पाच ठशांची रौप्य नाणी असतील, तर त्यांत सुमारे ८३ किलो धातू आणि १,२२,००० ठसे होतात. दानाच्या त्या एका ओळीमागे टांकसाळीतले एवढे घाव उभे आहेत.

भोकाचा पैसा

पंच व डाय यांचे राज्य नाण्यांत आले ते पत्रा सारख्या जाडीचा मिळू लागल्यावर. युरोपात रुळांच्या यंत्राने नाण्यांचा पत्रा लाटण्यास सोळाव्या शतकात प्रारंभ झाला. छेदनाचा शास्त्रीय अभ्यास त्याहून फार उशिराचा. फ्रेंच अभियंता हेन्री त्रेस्का याने १८६४ मध्ये पंचाखालील धातूच्या वहनावरील प्रयोग मांडले आणि कमाल कर्तन-प्रतिबलाचा त्याचा निकष त्यातून पुढे आला. दख्खनमध्ये मात्र शिवराई हातानेच पाडली जात होती व तिच्या कडाही अनियमितच असत.

महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या हाताळणीतले आरपार छेदनाचे उदाहरण म्हणजे १९४३ ते १९४७ या काळातील भोकाचा पैसा. मुंबईसह अनेक टांकसाळींत तो पाडला गेला. आधीच्या पाव आण्याचे वजन सुमारे ४.९ ग्रॅम होते; युद्धकाळात तांबे वाचवण्यासाठी ते २ ग्रॅमवर आणले गेले. मधले भोक ९ मि.मी. व जाडी १ मि.मी. धरली आणि कांशाचे कर्तन-सामर्थ्य ३०० न्यूटन घेतले, तर बल सुमारे ८,५०० न्यूटन येते, म्हणजे कार्षापणाची चकती कापण्याच्या निम्म्याहूनही कमी. येथे मात्र वजन तराजूवर छाटून नव्हे, तर लाटलेल्या पत्र्याच्या जाडीनेच आधी ठरलेले होते, आणि भोकातून पडलेली टिकली पुन्हा मुशीत जाऊ शकत होती.