मुंबई वारसा संवर्धन समिती

बृहन्मुंबईतील यादीबद्ध वारसा वास्तू व परिसरांतील बदलांबाबत महापालिका आयुक्तांना सल्ला देणारी समिती. तिची स्थापना १९९५ च्या वारसा नियमावलीनुसार झाली. देशातील अशा सुरुवातीच्या नियमावलींपैकी ती एक. वास्तूंच्या श्रेणी तीन. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारख्या पहिल्या श्रेणीत मजबुतीसाठी अपरिहार्य तेवढाच हस्तक्षेप चालतो. दुसरीत ‘अ’ व ‘ब’ असे पोटभाग आहेत. तिसरीत बरीच मोकळीक असते. वरच्या श्रेणीतील इमारतीची लाकडी गॅलरी काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवणे, हा किरकोळ वाटणारा बदलही छाननीत येतो. खरा पेच मालकापुढे असतो: वाढीव बांधकाम नाकारल्यास त्याचे नुकसान होते. हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर), म्हणजे ते बांधकाम दुसऱ्या जागी वापरता येण्याचा हक्क, देण्याची तरतूद त्यासाठीच आहे. समितीत वास्तुविशारद, संरचना अभियंते, इतिहासाचे जाणकार असतात.