थोडक्यांचा शब्द

मलिहाबादचे नाव दशहरी आंब्याने दूरवर नेले, तसेच १८९८ साली येथे जन्मलेल्या जोश मलिहाबादी यांनीही ते उर्दू काव्यात कायमचे गुंफून ठेवले. लहान ठिकाणाचा शब्द दूरवर पोहोचतो तो कशाच्या बळावर, हा प्रश्न घरापासून दूर नोकरी करणाऱ्या आम्हां मराठी माणसांस नवा नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि सर्वच धर्मांची प्रार्थनास्थळे बंद पडली. त्या वेळी लहान लहान ख्रिस्ती मंडळ्यांनीही आपली रविवारची उपासना फोनच्या पडद्यावर आणली. त्यानंतर आपली मंडळी लोकांस दिसावी कशी, याची चिंता त्यांस लागून राहिली. साधन नवे असले तरी चिंता मात्र जुनीच आहे. मराठीत तिचा इतिहास चारशे वर्षांचा आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे.

इंग्लंडहून १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्स यांनी आपला धर्म सांगण्यासाठी युरोपीय धाटणी घेतली नाही. त्यांनी मराठी ओवी घेतली. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, तेही रोमन लिपीत. लिपी परकी राहिली, पण पुराण ऐकण्याची सवय मात्र श्रोत्यांची स्वतःचीच होती.

पुढे अमेरिकन मराठी मिशनने जून १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक काढले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघून तेव्हा अवघी दहा वर्षे झाली होती. नगरची ख्रिस्ती मंडळी संख्येने अगदी थोडी होती. केवळ आपल्या सभासदांपुरते पत्र काढायचे तर त्याला वाचक कोठून मिळणार? म्हणून धर्मोपदेशाच्या बरोबरीने शास्त्रीय ज्ञान, देशोदेशीची वर्तमाने आणि सामाजिक प्रश्न यांनाही पत्रात जागा मिळाली. परधर्मावर टीकाही पुष्कळ झाली. तिला विष्णुबुवा ब्रह्मचारी यांच्यासारख्यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरील जाहीर वादांत सडेतोड उत्तरे दिली. त्या वादांत कोण जिंकले हे ज्याने त्याने ठरवावे. वादाने मने जिंकली असे मात्र आम्हांस वाटत नाही.

‘ज्ञानोदया’चे आज जे नाव घेतले जाते ते निराळ्याच कारणासाठी. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये या पत्राने मुक्ता नावाच्या मुलीचा निबंध दोन अंकांतून छापला. ती पुण्यातील फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी, मांग जातीतील, अवघी चौदा वर्षांची मुलगी होती. ती ख्रिस्ती मंडळीची सभासद नव्हती, आणि निबंधाचा विषय मंडळीची थोरवी हाही नव्हता. मांग-महारांच्या दुःखाविषयी ती लिहीत होती. आपला आवाज मोठा करू पाहणाऱ्या एका लहान पत्राने, ज्यांना आवाजच नव्हता त्यांस आपली जागा दिली, आणि याच कृत्यामुळे मराठी इतिहासात त्याचे स्थान पक्के झाले.

तिसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी अभंग, भजन आणि कीर्तन यांचा वारसा त्यांनी टाकला नाही. परदेशी चालीवर भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळीच्या हाती त्यांनी अस्सल मराठी भजने दिली. १९१२ पासून १९१९ साली मृत्यू येईपर्यंत ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. त्यांची पदे ज्यांनी चर्चची पायरीही चढली नव्हती अशांच्याही ओठांवर आली. वसईत १९५५ साली सुरू झालेल्या ‘सुवार्ता’ मासिकानेही साहित्य आणि समाज यांच्याशी असेच नाते जोडले. त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली धाराशिव येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

या सर्वांतून निष्पन्न काय होते? छापखाना असो, कीर्तन असो वा फोनचा पडदा असो, साधन हे केवळ दार होय. दार उघडून आम्ही आमचीच छायाचित्रे, आमचेच समारंभ आणि आमचेच सत्कार दाखवीत बसलो, तर वाटसरू क्षणभर थांबून पुढे निघून जाईल. शेजाऱ्याच्या भाषेत बोलावे, त्याच्या उपयोगाचे काही द्यावे, आणि ज्याचे कोणी ऐकत नाही त्याला चार ओळींची जागा द्यावी. असे केल्यास माणसे आपण होऊन आत येतात.

हा धडा केवळ चर्चपुरता नाही. परप्रांतातील आमची महाराष्ट्र मंडळेही थोडक्यांचीच असतात. गणेशोत्सवाची छायाचित्रे आम्ही हौसेने एकमेकांस पाठवितो. परंतु ज्या गावाने आम्हांस आश्रय दिला त्याच्या भाषेत, त्याच्या सुखदुःखाविषयी आम्ही किती बोललो? थोडक्यांचा शब्द टिकतो तो संख्येने नव्हे. त्या शब्दात इतरांस आपले दुःख ऐकू आले, तरच तो टिकतो.