जुनी गाणी आणि लोखंडी गळा

जात्यावरची ओवी किती पिढ्या जगली, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही; पण ती कशाने थांबली, हे सर्वांना ठाऊक आहे. गावात पिठाची गिरणी आली, जाते अडगळीत गेले आणि जात्यामागून ओवीही गेली. ओव्या उतरवून घेणाऱ्या मंडळींचे आपल्यावर मोठे उपकार आहेत, यात शंका नाही. पण पुस्तकातली ओवी वाचली जाते, गायिली जात नाही. गाणे कागदावर उतरले म्हणजे टिकते खरे, पण टिकणे म्हणजे जगणे नव्हे.

हा विचार माझ्या मनात आला तो मात्र जात्यापाशी नव्हे. फिनलंडमधल्या काही केस वाढवलेल्या, काळे कपडे घालणाऱ्या आणि विजेच्या गिटारी कडाडून वाजवणाऱ्या तरुणांनी तो माझ्या डोक्यात घातला. त्यांच्या संगीताला ‘फोक मेटल’ म्हणतात. लोकसंगीत आणि हेवी मेटल यांचा हा संसार. मी बरीच वर्षे त्याच्या नादी आहे. आमच्या घरात त्याला ‘भांड्यांचे दुकान पालथे झाले’ असे म्हणतात, आणि ते अगदीच खोटे आहे असे मी म्हणणार नाही. तरीही सणाच्या दिवसांत त्याची कुळकथा सांगावीशी वाटते, कारण ती कथा एका डॉक्टराच्या पायपिटीपासून सुरू होते.

फिनलंड कित्येक शतके स्वीडनच्या अमलाखाली होता. 1809 मध्ये तो रशियाच्या झारकडे गेला. शिकलेसवरलेले लोक स्वीडिश बोलत. फिनिश ही शेतकऱ्या-कोळ्यांची भाषा. अशा काळी एलियास ल्योनरोट नावाचा एका खेड्यातल्या शिंप्याचा मुलगा शिकून डॉक्टर झाला, आणि 1828 पासून गावोगाव हिंडून लोकगीते गोळा करू लागला. पुढे तो कायानी या आडगावी सरकारी डॉक्टर होता. तेथून सवड काढून तो कारेलियाच्या रानात शिरे आणि म्हाताऱ्या गायकांपुढे वही उघडून बसे. 1834 साली आर्हिप्पा पेर्तुनेन नावाचा एक वृद्ध शेतकरी त्याला भेटला. दोन दिवसांहून अधिक काळ तो गात राहिला आणि डॉक्टर लिहीत राहिला. सुमारे चार हजार ओळी त्या एका माणसाच्या मुखातून उतरल्या!

या साऱ्या गाण्यांतून ‘कालेवाला’ हे महाकाव्य सिद्ध झाले. पहिली आवृत्ती 1835 ची. 1849 ची वाढवलेली आवृत्ती 50 सर्गांची आणि 22,795 ओळींची आहे. मध्यंतरी 1840-41 मध्ये त्याने ‘कांतेलेतार’ हा भावगीतांचा संग्रह काढला. त्यात बायकांची गाणी फार. आपल्या ओवीची जवळची नातेवाईक म्हणावी अशी. आता एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवतो, कारण पुढे ती उपयोगी पडणार आहे. ल्योनरोटने गाणी जशीच्या तशी छापली नाहीत. त्याने ती निवडली, जुळवली, एका गाण्यातला प्रसंग दुसऱ्यात घातला, आणि सांधा दिसू नये म्हणून मधल्या काही ओळी स्वतः रचल्या. त्या पुस्तकाने फिनिश भाषेला मान मिळवून दिला. 1892 मध्ये सिबेलियसने त्यातल्या कुल्लेर्वोच्या कथेवर वाद्यवृंद उभा केला, आणि 1917 मध्ये देश स्वतंत्र झाला. परंतु कालेवाला शाळेच्या बाकावर जाऊन बसले, आणि जे शाळेत पाठ करावे लागते त्यावर पोरांचा जीव सहसा जडत नाही.

आता दुसरे घराणे. हेवी मेटलचा जन्म इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातला. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा डावखुरा पोरगा तेथे पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. डावखुऱ्या गिटारवाल्याला तारा दाबायला तोच हात लागतो. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि पुन्हा वाजवायला बसला. पुढे बोटांना ताण पडू नये म्हणून त्याने तारा सैल केल्या. स्वर खाली उतरला, जड झाला. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या मंडळीची पहिली ध्वनिमुद्रिका 1970 ची. आज जगभर जो घनगंभीर गडगडाट ऐकू येतो, त्याच्या मुळाशी एका कामगाराची ही जखम आहे.

त्याच सुमारास तिकडे ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणवणारे दुसरे संगीत उभे राहत होते. तीन मिनिटांत गाणे आटोपण्याची सक्ती ज्यांना मान्य नव्हती, अशांचा हा पंथ. आपल्या बड्या ख्यालासारखा ऐसपैस. 1969 मध्ये ‘किंग क्रिमसन’ने त्याची द्वाही फिरवली. मला मात्र त्यातला ‘जेथ्रो टल’ अधिक लाडका. हे नाव त्यांनी बियाणे पेरण्याचे यंत्र काढणाऱ्या एका इंग्रज शेतकी तज्ज्ञाचे उचलले! त्यांचा म्होरक्या इयन अँडरसन एका पायावर उभा राहून बासरी वाजवी. 1972 मध्ये त्यांनी दोन्ही बाजू व्यापणारे चाळीस मिनिटांहून मोठे एकच गाणे काढले, आणि 1977 च्या ‘साँग्ज फ्रॉम द वुड’मध्ये इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांचे जुने सूर आपल्या बैठकीत आणून बसवले. विजेच्या गिटारीशेजारी लोकसंगीत अवघडल्यासारखे वाटत नाही, हे माझ्या कानांना प्रथम त्यांनी पटवले.

1990 मध्ये निघालेल्या न्यूकॅसलच्या ‘स्कायक्लॅड’ने पुढचे पाऊल टाकले, मेटलच्या दणक्यात व्हायोलिन आणले. फोक मेटलचा पहिला मान बहुतेक जाणकार त्यांनाच देतात.

आणि मग 1994 साल उजाडले. हेलसिंकीच्या ‘अमॉर्फिस’ या विशीतल्या पोरांच्या मंडळीने ‘टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स’ ही ध्वनिमुद्रिका काढली. गीते कुठली, तर कालेवालातली! शाळेच्या बाकावरचे महाकाव्य आयोमीच्या जखमी गडगडाटावर बसून बाहेर आले. मौज अशी की ती गीते इंग्रजीत होती, आणि त्यामुळेच ती फिनलंडबाहेर माझ्यासारख्यापर्यंत पोचली. 1996 च्या ‘एलेजी’साठी त्यांनी ‘कांतेलेतार’ उघडले. कांतेले म्हणजे फिन लोकांचे तंतुवाद्य. महाकाव्यात ते माशाच्या जबड्याचे बनते; कांतेलेतारमधले एक गीत मात्र म्हणते की ते दुःखाचेच घडले आहे. हे गीत अमॉर्फिसने एकाच ध्वनिमुद्रिकेत दोनदा दिले आहे, एकदा विजेच्या गिटारींवर आणि एकदा साध्या वाद्यांवर. माझ्या सर्व संग्रहातून एकच गाणे ठेवायला सांगितले, तर मी हेच ठेवीन.

त्यानंतर फिनलंडमध्ये या संगीताचे पीक आले. ‘फिनट्रोल’ने गावच्या नाचाचा हुंप्पा ताल मेटलला जोडला, आणि तेही स्वीडिशमधून गाऊन, भाषांचे जुने वैर गाण्यात असे विरघळते. ‘कॉर्पिक्लानी’ने व्हायोलिन-अकॉर्डियन घेऊन जत्रेचा गलका उभा केला. ‘मूनसॉरो’ हे दोन चुलतभावांचे बिऱ्हाड प्रोग्रेसिव्ह पंथाचे. त्यांच्या 2007 च्या ध्वनिमुद्रिकेत दोनच गाणी आहेत, प्रत्येक पंचवीस मिनिटांहून मोठे.

या कथेला काळी बाजूही आहे, आणि ती लपवणे बरे नव्हे. शेजारच्या नॉर्वेत पूर्वजांचा अभिमान काही डोक्यांत विषासारखा चढला. 6 जून 1992 रोजी बर्गनजवळचे फान्टॉफ्टचे लाकडी चर्च जाळण्यात आले. त्यानंतर आणखी चर्चे जळाली आणि ‘ब्लॅक मेटल’च्या वर्तुळातल्या काही तरुणांना तुरुंगवास झाला. ख्रिस्ती धर्माने आमचे मूळ पुसले, असे त्यांचे म्हणणे. पण ते चर्च बाराव्या शतकातले होते. त्याच पूर्वजांच्या कुऱ्हाडीने घडलेले! वारसा जपायला निघालेले लोक वारसाच जाळून बसले. चर्च 1997 मध्ये पुन्हा बांधले गेले, पण जळलेले लाकूड परत आले नाही.

म्हणून मला स्वित्झर्लंडची ‘एलुवेइटी’ मंडळी मोलाची वाटते. 2002 मध्ये ती निघाली. 2009 च्या एका ध्वनिमुद्रिकेत तिने गॉलिश भाषेत गायिले. ही भाषा बोलणारा माणूस दीड हजार वर्षांत उरलेला नाही. त्यातल्या एका गाण्याचे शब्द फ्रान्समध्ये शामालियेर येथे 1971 साली सापडलेल्या शिशाच्या पत्र्यावरचे आहेत. मेलेल्या भाषेला कंठ देताना त्यांनी कोणाचे काही जाळले नाही.

हे खरे लोकसंगीत नव्हे, ही भेसळ आहे, असे शुद्धतेचे पुजारी म्हणतात. त्यांना मी ल्योनरोटचे सांधे दाखवतो. आर्हिप्पानेही आपल्या वडिलांचे गाणे हुबेहूब तसेच गायिले असेल, असे मला वाटत नाही. प्रत्येक पिढी आपल्या हाताशी जे वाद्य असते, त्यावर आजीचे गाणे वाजवते. कोणाच्या हाती कांतेले येते, कोणाच्या हाती कारखान्यात बोटे गमावल्यावर उरलेली गिटार. गाणे वहीत टिकते, पण ते जगते घशात. मग तो घसा लोखंडाचा का असेना.

वाचकहो, या दिवाळीत फराळ आटोपल्यावर एकदा ‘एलेजी’ ऐकून पाहा. लक्ष्मी-बॉम्ब सोसणाऱ्या कानांना ती जड जाऊ नये.