घोरणं थांबवणारं दातांचं उपकरण: कुणाच्या उपयोगाचं?

मारुंजीहून हिंजवडी किंवा चाकणला कामाला जाणाऱ्याला बसमध्ये डुलकी लागली, की दोष शिफ्टला दिला जातो. पण घरचे म्हणत असतील, ‘घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो’, तर कारण स्लीप ॲप्निया असू शकतं. झोपेत जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, ऑक्सिजन घटतो आणि मेंदू झोप मोडतो. रात्रभर हेच चालू राहतं. फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबईत बप्पी लहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं.

दंतवैद्य तुमच्या दातांचं माप घेऊन वर-खाली बसणारं उपकरण बनवून देतात. ते खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरतं. त्यासोबत जीभही पुढे येते आणि वाट मोकळी राहते. सुरुवातीला लाळ सुटते, सकाळी जबडा ठणकतो. काही वर्षांत दातांची ठेवणही थोडी बदलू शकते. दात हलत असतील तर हा मार्ग सहसा नाहीच.

आधी स्लीप स्टडी मात्र हवीच. तासाला 5 ते 30 वेळा श्वास अडत असेल, तर उपकरणाचा विचार होतो. त्याहून जास्त असेल तर पहिली पसंती सीपॅप मशीनला. ते सोसवत नसेल तर उपकरण.

ऑनलाइन मिळणारी, गरम पाण्यात मऊ करून चावायची पट्टी आवाज कमी करेलही. पण आवाज थांबला तरी श्वास अडतच राहू शकतो. म्हणून दंतवैद्याचं उपकरण नीट बसल्यावरही, ते लावून स्लीप स्टडी पुन्हा करतात.