पाण्यावरचा परवाना

आपण घाटावरच्या, आपल्याला समुद्राचं काय? पण कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि तिथून वाशिष्ठीच्या काठाकाठाने गेलं की दाभोळ. जुन्या काळी घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून याच बाजूला उतरायचा आणि शिडाच्या गलबतात चढायचा. गेल्या थंडीत आमच्या गटातल्या बाया दाभोळला गेलो. दोघींना घरून परवानगी मिळायला चार दिवस लागले, हेही सांगून टाकतो.

खाडीकाठी जुनी मशीद आहे, तिला मासाहेबांची मशीद म्हणतात. विजापूरच्या आदिलशाही घराण्यातली एक शहजादी मक्केला जायला निघाली, दाभोळपर्यंत आली, पण समुद्रावर चाच्यांचं भय, म्हणून जाता आलं नाही. जवळच्या पैशातून तिने ही मशीद बांधली, अशी कथा सांगतात.

त्याआधी दीडशे वर्षांपूर्वी, डिसेंबर 1508 मध्ये, पोर्तुगीजांनी हेच दाभोळ जाळलं होतं. त्यांच्या जहाजांवर तोफा होत्या. आपल्या व्यापाऱ्यांची जहाजं मालासाठी बांधलेली. पोर्तुगीजांचा नियम होता, की आमचं ‘कार्ताझ’ म्हणजे परवाना घेतल्याशिवाय कुणी शीड उभारायचं नाही. परवाना असला तरी त्यांच्या बंदरात जाऊन जकात भरायची. कागद नसला तर जहाज मालासकट जप्त!

आणि ही सक्ती काय फक्त लहान व्यापाऱ्यांवर होती? अकबर बादशहाची आत्या गुलबदन बेगम पन्नाशी ओलांडल्यावर घरातल्या बायकांना घेऊन हजला निघाली. बादशहाची आत्या, पण परवान्यासाठी सुरतेला जवळजवळ वर्षभर अडकली. 1576 मध्ये जहाज सुटलं, ती परतली 1582 मध्ये. हुमायून बादशहाची हकिकत लिहिणारी ती हीच. आमच्या दोघींचे चार दिवस म्हणजे मग काहीच नाही.

शिडाचं जहाज वाऱ्याच्या मर्जीवर चालतं. पावसाळ्यात कोकणची बंदरं बंद, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा ये-जा. त्यामुळे कागद वेळेत मिळाला नाही, तर आख्खा हंगाम हातचा जायचा.

हा डाव उलटवला कान्होजी आंग्र्यांनी. साताऱ्याच्या शाहू महाराजांचे हे सरखेल. त्यांनी स्वतःचं दस्तक काढलं आणि आमच्या किनाऱ्यावरून जाताना तुम्हीच परवाना घ्या, असं परक्यांना बजावलं. त्यांची गुराबं आणि गलबतं हलकी, किनाऱ्यालगत चपळ. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले.

पुढचं सांगताना आम्हांला वाईट वाटतं. कान्होजींचा मुलगा तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांचं बिनसलं. पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. किल्लाही इंग्रजांनी लगेच सोडला नाही. ऑक्टोबरात तहात बाणकोट पदरात पाडून घेतलं, तेव्हा कुठे विजयदुर्ग पेशव्यांना दिला.