रहामीम

मुंबईच्या मांडवी भागातल्या सॅम्युएल स्ट्रीटला ज्यांचे नाव आहे, ते सॅम्युएल म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर. बेने इस्रायली ज्यू, बोली मराठी, नोकरी कंपनी सरकारच्या पलटणीत. दुसऱ्या म्हैसूर युद्धात (१७८०–८४) ते टिपूच्या कैदेत पडले. समाजात सांगतात ते असे, की हे कैदी बनी इस्रायल आहेत, हे टिपूच्या आईच्या कानी गेले. तिने शब्द टाकला आणि जीव वाचले. दिवेकरांनी नवस फेडला. १७९६ मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग उभे राहिले. पुढे त्याला नाव मिळाले 'शाआर हारहामीम', म्हणजे दयेचे दार.

बेने इस्रायल प्रार्थनागृहाला मशीदच म्हणत, म्हणून ही 'जुनी मशीद'. शेजारच्या मशीद स्टेशनाचे नावही तिच्यावरूनच पडले, असे पुष्कळांचे म्हणणे.

पण 'रहामीम'ला 'दया' म्हटले की अर्ध्याहून अधिक ऐवज हातातून निसटतो. दयेत देणारा वरच्या पायरीवर उभा असतो. हिब्रूत 'रेहेम' म्हणजे गर्भाशय, आणि रहामीम त्याच धातूतला. रूप अनेकवचनी, जणू ही माया एकवचनात मावतच नाही. बायबलात शलमोन राजासमोर दोन बाया एका तान्ह्यासाठी भांडत येतात. मूल कापून वाटा, असा हुकूम सुटतो, तेव्हा खऱ्या आईच्या आत जे पेटते, ते रहामीम. आपल्याकडे अशा वेळी आतडे तुटते, पोटात कालवते. हे फक्त बायकांचेच, असेही नाही. धाकट्या भावाला, बिन्यामिनाला पाहून योसेफाचे रहामीम उचंबळतात आणि इजिप्तचा हा कारभारी आतल्या खोलीत जाऊन रडतो. देवाच्या प्रेमाला पुढे हाच शब्द लागला. त्याच्या जोडीने येणारा 'हेसेद' निराळा: त्यात शब्दाला जागणे, नाते निभावणे अधिक.

मराठीत याच्या जवळ जाणारा शब्द 'वात्सल्य'. त्याचे मूळ मात्र गोठ्यात: वत्स म्हणजे वासरू. खेड्यांत सकाळ अजून धारेनेच होते. आधी वासरू सोडायचे. ते कासेला ढुशा देते, गाय त्याला चाटते आणि पान्हा सोडते. मग बादली. भक्तवत्सल म्हणताना देवाला आपण त्या गायीच्या जागी ठेवतो, हे सहसा लक्षात येत नाही. विठोबाला माउली म्हणणाऱ्यांना रहामीम समजावून सांगायला फार वेळ लागू नये.

आणि हा शब्द तसा परकाही नाही. अरबीतले 'रहम', 'रहीम' याच सेमिटिक कुळातले. फारसीच्या वाटेने ते कधीच मराठीत येऊन बसले. 'बेरहम' म्हणताना कुणाला हिब्रू आठवत नाही, इतकेच.

राहिली टिपूच्या आईची गोष्ट. ती दाराच्या नावाला इतकी चपखल बसते, की नावावरूनच मागाहून जुळवली असावी, अशी शंका येते. सिनेगॉगची जागा पुढे बदलली, १८६० मध्ये नवी वास्तू झाली. दारावर हे नाव आले ते त्याहूनही पुढे.